घाण कमी पडली

त्या सात मजली इमारतीत सगळ्या कचेऱ्याच होत्या आणि तिथल्या सफाईचं काम मावशी बघायच्या. बावीस वर्षं झाली होती त्यांना. हाताखाली पाच बायका होत्या, पण शेवटचा हात मावशींचाच. वर्षापूर्वी मालकांनी ठरवलं की यापुढे सफाई पर्यावरणाला सांभाळून करायची. फिनाइल, ॲसिड, नाकाला झोंबणारे फवारे, सगळं हद्दपार झालं. त्या जागी चार रंगांची फडकी आणि अजिबात वास नसलेलं एक द्रावण आलं.

पहिला महिनाभर मावशी म्हणत, "पाणी आहे हे. बाटलीत भरून विकलंय, एवढंच." दुसऱ्या महिन्यात त्यांचा जुना खोकला थांबला. चौथ्या महिन्यात हातावरच्या भेगा बुजल्या. नवरा म्हणाला, "तुझा हात हातात घेतला की आता किसणी धरल्यासारखं वाटत नाही." मावशी लाजल्या, चिडल्या, आणि त्या दिवसापासून त्या द्रावणाच्या बाजूने झाल्या.

वर्ष पुरं झालं तसा तपासनीस आला. नवी सफाई खरंच कामाची आहे की नाही, हे त्याला मोजायचं होतं. कामाची ठरली तर प्रमाणपत्र, नाहीतर फिनाइल परत. तपासनीस लांबट चेहऱ्याचा आणि इतका सज्जन, की आत यायला दाराचीसुद्धा परवानगी मागेल. त्याच्याकडे टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र होतं. कापसाची काडी एखाद्या जागेवर फिरवायची, यंत्रात घालायची, की पंधरा सेकंदांत आकडा. आकडा मोठा म्हणजे घाण जास्त. फॉर्मवर तीन रकाने होते: सफाईआधी, सफाईनंतर आणि फरक.

दारातल्या काचेच्या काउंटरवर सफाईआधीचा आकडा आला नऊ. मावशींनी फडकं मारलं. सफाईनंतर नऊ. लिफ्टचं बटण, आधी अकरा, नंतर अकरा. जिन्याचा कठडा, आठ आणि आठ.

तपासनीस कानकोंडा झाला. "फरक शून्य. म्हणजे गुणही शून्य."

"शून्य कसा? स्वच्छ आहे ना?" मावशींनी विचारलं.

"स्वच्छ तर आहेच. पण सफाईने काही झालेलं दिसत नाही."

"अहो, कारण मी आधीच केलीय!"

"त्याला रकाना नाही, मावशी."

इमारतीच्या मॅनेजरचं धाबं दणाणलं. नियमाप्रमाणे तीन चाचण्या होत्या. त्यातली एक तर वाया गेली. त्याने सगळ्या सफाईवाल्या बायकांना तीन दिवसांची सक्तीची रजा दिली. "घाण साठू दे जरा," तो म्हणाला. "आणि मावशी, तुम्ही इकडे फिरकायचंसुद्धा नाही."

पहिल्या दिवशी मावशींनी घर घासलं. दुसऱ्या दिवशी शेजारचं. तेव्हा नवरा म्हणाला, "बाई गं, मला माझ्याच घरात पाय टेकायची भीती वाटते. जा कुठेतरी." तिसऱ्या दिवशी त्या चांगले कपडे घालून इमारतीच्या दारात उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या वहीपाशी नवा पहारेकरी होता.

"कोणाला भेटायचंय?"

"चौथ्या मजल्याला."

"चौथ्या मजल्यावर कोणाला?"

"मजल्यालाच."

पहारेकऱ्याने वहीत तसंच लिहून घेतलं आणि त्यांच्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं. चौथ्यानंतर मावशी पाचव्याला भेटल्या, मग सहाव्याला, आणि उतरताना काउंटरलाही. जवळ फडकं नव्हतं, पण रुमाल होता.

दुसऱ्या चाचणीत सफाईआधीचा आकडा आला सात. मॅनेजर, वकील, विमा कचेरीतली माणसं, सगळी श्वास रोखून काउंटरवर वाकली होती. इतकी, की सफाई उरकून काडी फिरवेपर्यंत काचेवर त्यांचे कोपर टेकून झाले होते. आकडा आला दहा.

"वजा तीन," तपासनीस हळूच म्हणाला. "फॉर्मनुसार बघायचं तर, तुमच्या सफाईमुळे इमारत मळते."

दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराशी फिनाइलचे चार डबे येऊन पडले. मालकांनी वाट बघायचंही सोडून दिलं होतं. मावशी तिथून गेल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून त्या खोकत राहिल्या. तशाच त्या मॅनेजरच्या खोलीत गेल्या. "सांगा काय करायचं ते. मी करते."

"काही करू नका, एवढंच करा," मॅनेजर हात जोडून म्हणाला. "घाण आम्ही करतो."

पण बोलणं सोपं होतं. बावीस वर्षांत मावशींनी त्या इमारतीला अशी शिस्त लावली होती की कोणाला घाण करताच येईना. शेवटच्या चाचणीच्या दिवशी, तपासनिसासमोरच, तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी काउंटरवर मुद्दाम चहा सांडला. समोर मावशी नुसत्या उभ्या होत्या, काही बोलल्याही नव्हत्या. वकिलांनी घाईघाईने तो आपल्या टायने पुसला आणि वर "माफ करा" म्हणाले. मॅनेजरने पाकिटातून बागेतली माती आणून काचेवर ओतली.

तपासनिसाने मान हलवली. "हे यंत्र कोरडी माती फारशी ओळखत नाही हो. माणसाचं बोट, तोंड, खाणं, याची घाण कळते त्याला."

मग मावशी पुढे झाल्या. त्यांनी उजवा तळहात काचेकडे नेला. बावीस वर्षांत त्या काचेला त्यांनी फडक्याशिवाय हात लावला नव्हता. हात मध्येच थांबला. मग डोळे मिटून त्यांनी तो टेकवला.

आकडा आला चौदा.

"हातसुद्धा स्वच्छ!" मॅनेजरने डोक्याला हात लावला.

तपासनीस खूप वेळ घुटमळला. शेवटी स्वतःच्या डब्यातला लोणी लावलेला पाव त्याने मावशींपुढे धरला. "हाताने खा. चमचा नको. आणि मग, राग मानू नका, केसांतून एकदा हात फिरवा."

सगळ्या कचेऱ्या बघत असताना मावशींनी उभ्या उभ्या पाव खाल्ला. बोटं चाटली. डोकं खाजवलं. पुन्हा काचेवर तळहात दाबला, या खेपेला डोळे उघडे ठेवून. पाचही बोटांचा तेलकट ठसा उमटला, इतका ठसठशीत की पलीकडून नशीब वाचावं.

चारशे बारा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशींना मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "एवढी?" त्या पुटपुटल्या. "माझी?"

"अभिनंदन, मावशी!" वकील ओरडले.

मावशींनी निळं फडकं घेतलं, द्रावणाचे दोन थेंब घेतले आणि तो ठसा पुसून काढला. या खेपेला तपासनिसाने कोणालाही काउंटरजवळ येऊ दिलं नाही. आकडा आला नऊ. घाण जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के कमी. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला आणि त्याने पहिला फोन फिनाइलवाल्याला केला, डबे घेऊन जा म्हणून.

तपासनीस फॉर्म भरत होता. एका ओळीशी तो अडला. "इथे घाणीचा स्रोत लिहायचाय. म्हणजे... मुख्य सफाई कर्मचारी, असं लिहू?"

मावशी ताठ झाल्या. "घाणीच्या ओळीत मी? अजिबात नाही. मग फिनाइलच येऊ दे."

तपासनीस खोटं लिहिणार नव्हता आणि मावशी मागे हटणार नव्हत्या. शेवटी मॅनेजरने सुस्कारा सोडला, तपासनिसाच्या डब्यातला उरलेला पावाचा तुकडा घेतला, खाल्ला, डोकं खाजवलं आणि काउंटरवर हात आपटला. पुन्हा काडी, पुन्हा यंत्र. आकडा आला नऊशे सत्तर. मावशींनी पुसल्यावर पुन्हा नऊ. जुने आकडे खोडून नवे लिहिले गेले.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. नियमाप्रमाणे ते दर्शनी भागात लावलं. वर हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरांत ओळ: "घाणीचा स्रोत: व्यवस्थापक." पहिल्याच आठवड्यात मॅनेजरची आई काही कामाने तिथे आली. चष्मा लावून तिने ते सगळं वाचलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मावशींना म्हणाली, "लहानपणापासून हा असाच आहे हो."

"होईल सुधारणा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.