करंगळीचा नियम

तिसरी रायफल खांद्याला लावून आयरीनने गाल दस्त्यावर टेकवला आणि भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या एल्क हरणाच्या डाव्या डोळ्यावर नेम धरला. नळी थरथरत होती. एल्कला त्याचं काही वाटत नव्हतं. गेली वीस वर्षं मोंटानातल्या या दुकानात जो येतो, तो त्याच्यावरच नेम धरून बघतो.

"जड होतेय?" काउंटरपलीकडून लाइलने विचारलं.

"जड नाही रे, लांब आहे. चापापर्यंत बोट पोचवायला हात ताणावा लागतो."

"मग ही नको. घरासाठी घ्यायची तर दोघांत जो लहान, त्याच्या मापाची घ्यायची. मोठ्याला आखूड चालून जाते, लहानाला लांब चालत नाही."

"लहान काय, सरळ बुटकी म्हण की."

लाइल हसला. त्याने रॅकमधून चौथी काढली, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेत, बघितलं, करंगळी आत घालून चाचपलं, पुन्हा बघितलं आणि मगच, बोल्ट उघडा ठेवून, रायफल तिच्या हातात दिली. आयरीननेही तेच केलं. बघितलं, करंगळी घातली, पुन्हा बघितलं.

या भागात पन्नाशीच्या आतलं कोणीही बंदूक हातात घेतली की आधी करंगळी घालतं. बाहेरगावचे शिकारी हसतात. ही आयरीनच्या नवऱ्याची, ऑर्विल नॉर्डीनची शिकवण. शिकारीचा परवाना मिळण्याआधी पोरांना जो वर्ग करावा लागतो, तो ऑर्विलने एकतीस वर्षं घेतला, दर वसंतात, चर्चच्या तळघरात. 'डोळा खोटं बोलतो, करंगळी बोलत नाही. दोनदा बघायचं, मध्ये एकदा बोट.' ज्याने हे चुकवलं, त्याला तो पुढच्या वर्षी पुन्हा यायला लावायचा, मग तो पाद्र्याचा मुलगा का असेना. लाइलही त्याच वर्गातला. टक्कल पडलं, दुकान झालं, तीन पोरं झाली, तरी ऑर्विल त्याच्यासाठी 'सर'च होता.

आज मात्र सरांच्या पायाला भिंगरी लागली होती. काउंटरपाशी मिनिटभर थांबायचा की पुन्हा खिडकीशी जाऊन बाहेर उभ्या केलेल्या पिकअपकडे बघायचा.

"आयरीन, गाडीला कुलूप लावलं ना?"

"लावलं."

"मागे पाण्याची पिंपं आहेत."

"रिकामी पिंपं कोण नेतंय भर दुपारी?"

"ते भर दुपारीच येतात. रात्री माणूस सावध असतो."

ऑगस्टमध्ये डोंगराला वणवा लागला होता आणि रस्ता चार दिवस बंद होता. वीज गेली, मागोमाग फोनही. तेव्हापासून खोऱ्यात सगळ्यांनीच तयारी सुरू केली. पाणी, जनरेटर, घेवड्याचे डबे, महिन्याभराची औषधं. ऑर्विलने तर यादीच करून फ्रिजवर लावली, आणि त्याचं ते नीटनेटकं वागणं बघून आयरीनला बरं वाटलं होतं. पण सप्टेंबरात घरातल्या वस्तू हलायला लागल्या. कुऱ्हाड नाहीशी झाली. गाडीची जादा किल्ली तीन दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडली. फाटक उघडं राहून घोडी रस्त्यावर गेली. एकदा दोघं चर्चमधून परतली तर शेगडीवर कॉफीचं भांडं जळून काळं झालेलं. खालच्या शेतावरून कोणाचं तरी डिझेल चोरीला गेल्याचीही बातमी होती. शेरीफचा माणूस यायला एक तास दहा मिनिटं लागली. "किल्ली चोरून पिठात ठेवणारा चोर मी पाहिला नाही, बाई," असं म्हणून तो गेला.

"याचा अर्थ तो परत येणार," ऑर्विल म्हणाला होता.

आयरीनला तेव्हापासून नीट झोप नव्हती. पहाटे ओसरीवर पावलं वाजलेली तिने स्वतः दोनदा ऐकली होती. ऑर्विलला उठवावं म्हणून हात लांबवला तर त्याची बाजू रिकामी. तो आधीच उठून बघायला गेलेला. तेवढा तिला धीर यायचा.

"ही बसतेय," ती आता म्हणाली. चौथी रायफल आखूड होती, गाल टेकवला की नेम आपोआप डोळ्यासमोर येत होता. "हिचा धक्का?"

"कमी. आणि गोळी तीन भिंती फोडून शेजारच्या खोलीत जात नाही. तुमची ती एल्क मारायची रायफल झाडाल तर स्वयंपाकघर, न्हाणी आणि दारातली गाडी, सगळं एका गोळीत."

"म्हणून तर ती द्यायला आणलीय," ऑर्विल खिडकीपासून ओरडला. "बघू, आण इकडे."

आयरीनने बोल्ट लावून रायफल त्याच्या हाती दिली. त्याने ती घेतली ती थेट खांद्याला लावली आणि एल्कपासून खिडकीपर्यंत फिरवली. मधल्या वाटेत लाइलची छाती होती. लाइल अर्धं पाऊल बाजूला झाला. घाईत आहे, आयरीनने मनाशी म्हटलं. सकाळपासून घाईतच आहे.

"हीच घेऊ," ऑर्विल म्हणाला. "आता माझी घे. काय किंमत लावायची ती लाव, घासाघीस करणार नाही."

त्याने काउंटरवरच्या, बंदूक ठेवायच्या लांब केसची चेन ओढली, जुनी रायफल बाहेर काढली आणि बोल्ट लावलेलाच ठेवून लाइलपुढे धरली. लाइलने ती घेतली, नळी छताकडे केली आणि सवयीने बोल्ट मागे ओढला.

पितळी काडतूस उडालं. काउंटरच्या काचेवर टणकन आपटून ते घरंगळत गेलं आणि सुक्या मांसाच्या कांड्यांच्या बरणीला टेकून थांबलं.

आयरीनने खाली स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं. बेचाळीस मैल ती केस सीटवर दोघांच्या मधे आडवी होती आणि नळीचं टोक तिच्या गुडघ्याला लागत होतं. खड्डा आला की बोचायचं. दोनदा तिनेच ते हाताने सरकवलं होतं.

लाइलने काडतुसावर तळहात ठेवला.

ऑर्विलची मान तांबडी झाली. तो काडतुसाकडे, म्हणजे आता लाइलच्या हाताकडे, बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बघितलंस? बघितलंस, आयरीन? माझ्या बंदुकीपर्यंत पोचलाय तो! भरून ठेवलीय हरामखोराने. आता तरी पटलं का? मी भरलेली बंदूक घरात ठेवेन? मी?" तो लाइलकडे वळला. "तू सांग. ठेवेन मी?"

"नाही, सर," लाइल म्हणाला. "तुम्ही नाही ठेवणार."

बंदुकांच्या कपाटाच्या कुलपाचा आकडा दोघांनाच ठाऊक होता आणि आयरीनने ते कपाट वर्षभरात उघडलं नव्हतं. पिठातली किल्ली, कॉफीचं भांडं, ओसरीवरची पावलं, पलंगाची रिकामी बाजू, सगळं तिच्यासमोर ओळीने उभं राहिलं. चोर खरा असावा असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. एक नाही, चार असावेत. घर धुऊन नेलं तरी चालेल.

"अर्ज दे," ऑर्विल लाइलला म्हणत होता. "आजच्या आज घेऊन जातो."

लाइलने आयरीनकडे बघितलं नाही. त्याने अर्ज पुढे ठेवला. ऑर्विलने तो आपल्या सुबक, शाळामास्तरी अक्षरात भरला, एकही खाडाखोड न करता. लाइल कागद घेऊन संगणकासमोर बसला. नाव सरकारकडे कळवायचं असतं आणि तिकडून तीनपैकी एक उत्तर येतं. द्या, देऊ नका, नाहीतर थांबा. लाइल बराच वेळ बोटं चालवत होता. काउंटरच्या टोकाला उभ्या असलेल्या आयरीनला पडदा तिरका दिसत होता. त्यावर हवामानाचा नकाशा होता. उत्तरेकडून निळा पट्टा खाली सरकत होता, शनिवारपर्यंत बर्फ.

"'थांबा' आलंय, सर."

"मला?"

"नावांचा घोळ असेल. दुसरा कोणी नॉर्डीन असेल कुठेतरी. तीन दिवस लागतात."

लाइलचे कान लालबुंद झाले होते. ऑर्विल त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. आयरीनचा जीव टांगणीला लागला. रागावला की तो ऐकत नसे, आणि दुसरं दुकान पुढच्या गावात होतंच, तासाभराच्या अंतरावर.

"बरोबर आहे," ऑर्विल शेवटी म्हणाला. "तपासायलाच पाहिजे."

"जुनी राहू दे माझ्याकडे. बोल्ट घासतोय, बघून ठेवतो," लाइल म्हणाला.

ऑर्विल दाराकडे निघाला. आयरीनने रिकामी केस काउंटरवरून लाइलकडे ढकलली. "कपाटात एक शॉटगन आहे," ती हळू म्हणाली. "उद्या मी एकटी येईन."

"लवकर या, मिसेस नॉर्डीन. मी सातलाच उघडतो."

ती बाहेर आली तर ऑर्विल पिकअपच्या उजव्या, चालवणाऱ्याच्या शेजारच्या बाजूच्या दाराशी उभा होता. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. मांडीचं हाड मोडलं होतं तेव्हासुद्धा नाही. त्याने गाडीवरून किल्ली तिच्याकडे टाकली.

"तू चालव."

गाव मागे पडलं. कापणी झालेल्या शेतांवर अजून वणव्याच्या धुराची करडी साय होती. ऑर्विलची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

"लाइलला खोटं बोलता येत नाही," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "बारा वर्षांचा होता तेव्हाही कान लाल व्हायचे. तीन दिवसांनी गेलो की म्हणेल आणखी तीन दिवस."

आयरीनने स्टिअरिंग घट्ट धरलं. "मग तू भांडला का नाहीस?"

"चांगला विद्यार्थी आहे," तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला. पुढचा वळणाचा उतार संपला. "आयरीन. येताना नळीचं तोंड कुठे होतं?"

"खाली. जमिनीकडे."

त्याने सीटकडे बघितलं, जिथे सकाळी केस होती. मग तिच्या गुडघ्याकडे. त्याचा मोठा, खरबरीत हात पुढे आला आणि तिच्या गुडघ्यावर येऊन थांबला. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. घराचं फाटक दिसेपर्यंत तो हात तिथेच होता.

या भागात गाडीत जो चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो, त्याने उतरून फाटक उघडायचं असतं. त्रेचाळीस वर्षं ते काम आयरीनचं होतं, थंडीत, चिखलात, पोटुशी असतानाही. आज ऑर्विल उतरला. त्याने कडी काढली, फाटक रुंद उघडलं, आणि ती गाडी आत घेऊन थांबली.

आरशात तिने बघितलं. ऑर्विलने फाटक लावलं होतं, कडी घातली होती, आणि तो स्वतः बाहेरच्या बाजूला राहिला होता. दोन्ही हात वरच्या दांडीवर ठेवून तो घराकडे बघत होता.

तिने इंजिन बंद केलं आणि मागे चालत गेली. मधे फाटक होतं.

"चल, ऑर्विल. थंडी पडतेय."

"तू जा आत," तो म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा अस्वस्थ झाले होते, ओसरीवरून कोठारावर, कोठारावरून खिडक्यांवर. "मी इथेच थांबतो. कोणीतरी पहाऱ्यावर असायला हवं. तो येईल."

"नाही येणार."

"तुला काय माहीत?"

आयरीनने दांडीवरच्या त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. "मी बघितलंय. घरात कोणी नाही."

तो तिच्याकडे बारकाईने बघू लागला, समोर बारा वर्षांचं पोर उभं असावं तसा.

"दोनदा बघितलंस?"

"दोनदा."

"मधे बोट?"

"मधे बोट."

"मग ठीक आहे," ऑर्विल म्हणाला आणि कडी काढू लागला.