ट्रॉफीवरची हळद

अक्कल गहाण ठेवून समाजकार्याला निघालं की माझ्यासारखी गत होते. यंदा भीमजयंतीला आम्ही इस्लापुरात बायांची रस्सीखेच ठेवली. नांदेडच्या दुकानदारानं ऐनवेळी ट्रॉफी दिलीच न्हाई. मी आपला शहाणा, घरी थोरल्या बहिणीच्या, पंचशीलाताईच्या कपाटात धूळ खात पडलेली ट्रॉफी उचलली, ताईच्या नावावर जिंकलेल्या बायांच्या म्होरकीची, तुळजाबाईच्या नावाची नवी पाटी चिकटवली अन् ट्रॉफी तिच्या हातात दिली. जुन्या ट्रॉफीवर नवी पाटी, आमच्याकडं सगळेच करतात. ताईला विचारलंसुद्धा न्हाई.

ती ट्रॉफी साधी नव्हती. देशभरातल्या टीव्हीवाल्यांचा पुरस्कार सोहळा सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी ताईला सुईणींवरच्या माहितीपटासाठी ती मिळाली होती. तेव्हा दिल्लीतला एक लहानसा हॉल, भाषणं अन् चहा-बिस्कीट, एवढाच कार्यक्रम. पुढं मालिकांच्या नट्या नाचायला लागल्या, लाल गालिचे आले अन् माहितीपटाचं बक्षीसच बंद झालं. ताईला लोक विसरले. खरं सांगू, मीसुद्धा.

मग मुंबईहून फोन आला. सोहळ्याला पंचवीस वर्षं झाली, त्याचा इतिहास टीव्हीवर दाखवणार, ताईंनी पहिल्या वर्षीची ट्रॉफी हातात घेऊन बोलावं. त्या दिवशी ताई लई दिवसांनी गुणगुणली. अन् ट्रॉफी तर तुळजाबाईच्या घरी.

तडक इस्लापूर गाठलं. तुळजाबाईनं ट्रॉफी हळदीकुंकू लावून देवघरात ठेवलेली. पाटीवरलं नाव चुकलंय, दुरुस्त करून आणतो, असं मी धडधडीत खोटं बोललो. बाईनं ती पदरानं पुसून दिली.

"लवकर आणा भाऊ. नात वाचाया शिकली. तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय."

घरी येऊन पाटी काढली, घासूनपुसून ट्रॉफी कपाटात ठेवली. वाटलं, सुटलो. चित्रीकरणाच्या दिवशी ताईनं ती हातात घेतली, तिच्या तळाच्या खाचेतून बोट फिरवलं अन् विचारलं, ही हळद कुठून आली? पूजेत ठेवली होती, माझ्या तोंडून गेलं.

"संघपाल, आपल्या घरात पूजा कधीपासून?"

बौद्धाच्या पोराला हेच सुचावं! मग सगळं ओकलो. ताई ट्रॉफी घेऊन कॅमेऱ्यापुढं बसली. छान बोलली. मुंबईची माणसं गेल्यावर तिनं ट्रॉफी माझ्यापुढं ठेवली.

"माझं दाखवून झालं. पाटी चिकटव. मीबी येते."

एसटीत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. तुळजाबाईच्या ओसरीवर नातीनं अक्षर अक्षर जुळवत आजीचं नाव वाचलं. पहिली टाळी ताईनं वाजवली. तुळजाबाई डोळे पुसत मला म्हणाली, लई उपकार केले भाऊ.

मला मान वर करवली न्हाई.