विनोदाचा मालक

दोन खुर्च्यांच्या त्या केशकर्तनालयात दोन साडू काम करायचे. थोरल्याचा हात चांगला, धाकट्याची जीभ. गिऱ्हाइकाला केस कापून घ्यायचे असतात की नुसतं हसायचं असतं, कोण जाणे! थोरल्याची खुर्ची मोकळी असली तरी लोक बाकावर बसून राहायचे आणि म्हणायचे, "घाई नाही, त्यांचं होऊ दे." थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग तो रिकाम्या खुर्चीवरचे नसलेले केस झटकत राहायचा.

त्यात तो विनोद. थोरल्याने स्वतः रचलेला, मनात घोळवून घोळवून तयार केलेला. देव केस कापायला येतो, भक्त बाहेर थांबतात. न्हावी विचारतो, "कसे कापू?" देव म्हणतो, "मला काय विचारतोस? बाहेर जा, त्यांना विचार. माझ्या वतीने सगळं तेच ठरवतात."

थोरल्याने सांगितला तेव्हा गिऱ्हाईक जांभई देत म्हणालं, "कल्ले जरा बारीक करा." पुढच्याच आठवड्यात तोच विनोद धाकट्याने सांगितला आणि लोक पोट धरून हसले. आयत्या बिळावर नागोबा!

एकाला मात्र हसू आलं नाही. अर्ध्या दाढीनिशी उठून तो तडक पोलिसांकडे गेला. देवाच्या निंदेविरुद्ध कायदा आधीपासून होता, त्याखाली धाकट्याला उचलून नेलं. हसणाऱ्यांपैकी कुणालाच काही आठवेना. फौजदार थोरल्याला म्हणाले, "तुम्ही शेजारीच होता. 'ऐकलं' एवढंच म्हणा, बाकी आम्ही बघतो."

खोटं कशाला बोला, थोरल्याच्या पोटातलं दुखणं तेव्हा एकदम थांबलं.

"अहो, माझ्या बहिणीचा संसार तुमच्या जिभेवर आहे," बायको रडत म्हणाली. तो दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडला. दुकानात आता सगळी गिऱ्हाइकं त्याचीच होती. पण मान पुढे करून बसली की हळूच म्हणायची, "काय विनोद होता हो त्याचा!"

त्याचा! म्हणजे हा तुरुंगातही मोठा होणार, आणि आपण कोण? तर साक्षीदार. थोरल्याला घास गोड लागेना.

न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपी हे बोलला?"

"बोलला. पण विनोद त्याचा नाही, माझा आहे."

"काय बोलताय कळतंय का? तुम्हीही आत जाल."

"जाईन. पण चोरून वर तो वाया घालवतो, साहेब! 'बाहेर जा' म्हटल्यावर जरा थांबायचं असतं." आणि त्याने सबंध विनोद थांबून, नीट सांगून दाखवला.

कुणी हसलं नाही. त्याला सवय होती.

"नाही आवडला? मग हसू नका. विनोद सांगणाऱ्याला तेवढी शिक्षा पुरते, मी जन्मभर भोगलीय. एवढ्यासाठी माणसाला कोंडायचं? आणि तेही देवाला न विचारता?"

आरोपीच्या पिंजऱ्यातून फिसकन हसू फुटलं. धाकटा तोंडावर हात दाबून गदगदा हसत होता. थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या बोलण्यावर कुणीतरी हसलं होतं, आणि तेही याने.

संध्याकाळी दोघेही एकाच कोठडीत होते.

"दादा," धाकटा म्हणाला, "थांबायची जागा तिथेच होती, खरंय."

"मग पुढच्या वेळी तिथे थांब," थोरला म्हणाला, "आणि सांगताना माझं नाव घे."