साडो बेट दिसणारा उतार

त्या दिवशी सकाळी यांनी बूट तीनदा घातले आणि तीनदा काढले. मी मिसो सूप गरम करत होते. शेवटी विचारलं, "अहो, जायचंय की नाही?"

"जायचंय."

"मग बसा, चार घास खा."

ते बसले नाहीत. मागच्या छपरात गेले आणि कुंड्या एका खोक्यात भरू लागले. बर्फ फोडून वर येणारं ते फूल, युकिवारी, आमच्या छपराखाली दोनशे कुंड्यांत आहे. यांनी, म्हणजे मोरिओ होन्मांनी, आयुष्यभर भातशेतीचे पंप दुरुस्त केले. पण मार्च लागला की हातातला पाना टाकून फुलांपुढे कॅमेरा घेऊन पालथे पडायचे. बियांपासून फूल यायला पाच वर्षं लागतात. एवढा धीर त्यांनी मला कधी दाखवला नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

वाटेत त्यांनी तोंड उघडलं. सेत्सुकोचा फोन आला होता. रानाची देखभाल करणाऱ्या गावकऱ्यांत ती सगळ्यांत तरुण, म्हणजे पंचेचाळिशीची. वरच्या उतारावरची युकिवारी कुणीतरी मुळासकट खणून नेली होती.

"कुठल्या उतारावरची?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

मागच्या वर्षी गावाच्या कॅलेंडरसाठी यांनी दोन फोटो काढून ठेवले होते. एकात फूल आणि भोवती वाळकी पानं, बस. दुसऱ्यात तेच फूल, पांढऱ्या पाकळ्यांना जांभळी कड, आणि मागे दोन देवदारांच्या मधून समुद्र आणि साडो बेट. हे पहिला देणार होते. मी म्हटलं, "समुद्र असलेला द्या की. हा नुसता पाचोळा कोण भिंतीवर लावणार?" त्यांनी दुसरा दिला. इथल्या किनाऱ्यावर चार दिवस हिंडलेल्या माणसालाही तो फोटो बघून कुठे उभं राहायचं ते कळलं असतं.

उतारावर सेत्सुको वाटच बघत होती. सावलीत अजून बर्फाचे डाग होते. त्यांच्यामध्ये खड्डे. खुरप्याचे नीट, सरळ काप. घाईत केलेलं काम नव्हतं ते.

"तेवीस आहेत, काका," ती म्हणाली.

यांनी स्वतः पुन्हा मोजले. मग खोकं खाली ठेवून पहिली कुंडी काढली. "ही इथलीच आहेत. इथल्याच बियांची. नऊ वर्षांपूर्वी मूठभर नेल्या होत्या. आज लावली की पुढच्या वर्षी..."

"काका, ही तुमच्या छपरातच वाढली ना? बाकीच्यांबरोबर?"

"हो."

"आणि बिया पुन्हा कुंडीतल्याच धरल्या?"

त्यांनी कुंडीतली माती अंगठ्याने दाबली.

"माश्या सगळ्या कुंड्यांवरून फिरतात. यांच्यात काय काय मिसळलंय, कोण सांगणार? बागेतलं रोप रानात लावायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"तेव्हा रान भरलेलं होतं," हे म्हणाले. कुंडी त्यांनी दोनदा खड्ड्याशी नेली, दोनदा मागे घेतली. मग खोक्यात ठेवून दिली आणि गुडघ्यांवर बसून हातांनी खड्डे बुजवू लागले. आधी माती, वर पाचोळा. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे. सेत्सुको म्हणाली, मी करते, पण त्यांनी ऐकलं नाही. मीही शेजारी बसून माती ओढू लागले.

सातव्या का आठव्या खड्ड्याशी मी म्हटलं, "तो फोटो मी निवडला होता."

"छापायला मी दिला."

"मी म्हटलं म्हणून."

"चिएको, ती पानं इकडे सरकव. पाऊस आला तर माती वाहून जाईल."

त्यांचे हात थांबले नाहीत. दुपारपर्यंत सगळे खड्डे बुजले, तरी ते उतारावर इकडून तिकडे फिरत राहिले, बुजवलेलं पुन्हा दाबत. शेवटी सेत्सुकोने खोकं उचललं आणि आम्ही उतरलो.

खालच्या वळणावर एक जोडपं भेटलं. साठीची, चांगल्या घरची वाटत होती. पुरुषाच्या गळ्यात कॅमेरा. बाईने कॅलेंडरचं घडी घातलेलं पान उलगडलं. "हे कुठे दिसतं हो? नागाओकाहून खास आलोय बघायला."

सेत्सुको आमच्या यांच्याकडे बघत राहिली. यांना फुलांबद्दल विचारलेलं केवढं आवडतं! लोकांना हाताला धरून वर नेलंय त्यांनी, पावसात सुद्धा. पुरुषाच्या कॅमेऱ्याकडे, बाईच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं. ती माणसं भलीही असतील. बघून कळत नाही.

"इकडे नाही," हे म्हणाले. "हा फोटो दुसरीकडचा असणार. या डोंगरावर तसलं काही उगवत नाही."

"अरेरे. बरं झालं तुम्ही भेटलात, नाहीतर उगाच चढलो असतो," बाई म्हणाली. दोघांनी कमरेत वाकून आभार मानले.

हेही वाकले. मातीचे हात मांड्यांना चिकटवून, ती दोघं पाठ फिरवून निघाली तरी वाकलेलेच होते.