नीळकंठराव बसले

टाउनशिपमधल्या मराठी माणसाला मरायचं असेल, तर आधी नीळकंठराव भोपाळमध्ये आहेत ना, हे बघावं लागे. कारखान्याच्या स्टोअर्समधून रिटायर झालेला हा गृहस्थ तिरडी, भटजी, शववाहिनी, सगळं तासाभरात हजर करी. दुसऱ्या कुणी सुतळीला हात लावला की म्हणे, "सोड, तुला जमायचं नाही."

मग त्यांच्या बायकोला, कमलिनीबाईंना, कॅन्सर झाला. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "अब घर ले जाइए, सेवा कीजिए." नीळकंठरावांनी बाईंना घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सोनागिरीच्या बाजारातून बांबू आणले.

कमलिनीबाईंची खाट खिडकीशी होती.

"अहो, ते बांबू कशाला?"

"दोडक्याच्या वेलाला."

"पौषात?"

नीळकंठरावांना एकदम शववाहिनीवाल्याला फोन करायचं आठवलं.

दुखणं कमी करायचं इंजेक्शन द्यायला रोज अलका नर्स येई. चौथ्या दिवशी तिने त्यांना अंगणातच गाठलं.

"काका, काकू अजून आहेत. त्यांना काय हवंय, विचारलंत?"

नव्हतं विचारलं. आत जाऊन विचारलं.

"तुम्ही बसा इथे," बाई म्हणाल्या.

बसले. चार मिनिटांत चपला शोधू लागले.

"तुमचे भाऊ, शांतारामभावजी, गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी होते. तुम्ही बाहेर तिरडीला गाठी मारत होता. माझ्या उशाशी कोण बसणार? भटजी?"

"बसलो की रडू येतं गं."

"मग रडा की. मी आहे तोवर रडून घ्या. मागनं डोळे पुसायला मी काही येणार नाही."

रडले. फार वाईट रडले, सवय नव्हती. मग तीन दिवस बाईंचा हात धरून बसून राहिले. फोन वाजत राही, उठत नसत. चौथ्या दिवशी दुपारी बाई गेल्या.

टाउनशिपमधले आम्ही सहाजण अंगणात जमलो. सगळे अनुभवी, आजवर प्रत्येक मयताला नीट उभे राहिलेले. आता आधी काय करायचं, ते एकालाही ठाऊक नव्हतं. अर्धा तास एकमेकांच्या तोंडाकडे बघितल्यावर शेजारचा सुधाकर आत गेला.

"काका, तयारीला लागायचं का?"

"थांब जरा," नीळकंठराव मान वर न करता म्हणाले. "हात अजून गरम आहे."