दोन्ही अंगांनी झिजलेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. चर्चच्या दाराला मी एकटीच, म्हणून थोडा तोरा आहे. असू दे.

मला खाणीतून आणलं तेव्हा इथे एक बुटकी खोली होती, जाड दगडी भिंतींची, वर गवताचं छप्पर. मग कमानी आल्या, रंगीत काचांची खिडकी आली आणि सगळ्यात शेवटी मनोरा. जो तो मान वर करून मनोराच बघायचा. खाली बघतंय कोण! पण बाळाला कुशीत घेतलेली आई, नवी नवरी, शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं, सगळ्यांची पावलं मी ओळखायचे. चालून चालून मधोमध खळगा पडू लागला, तेव्हा एका गवंड्याने मला उलटवून कोरी बाजू वर आणली. त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. माझं जुनं तोंड मातीत निजलं. वरून गाणी झिरपत यायची, मुळं गुदगुल्या करायची आणि मी त्या पावलांची स्वप्नं बघत पडून राहायचे.

वरची बाजूही झिजलीच. एका सकाळी तिथे साचलेल्या पाण्यावरून फादर घसरले आणि सपशेल आडवे झाले. लोकांनी कसंबसं हसू दाबलं. गवंडीदादाला बोलावणं गेलं.

"उलटवून बघतो," तो म्हणाला. "खालची बाजू कोरी असली तर ठीक. नाहीतर फोडून भरावात टाकू आणि नवी लादी बसवू."

खाली तर माझं जुनं, झिजलेलं तोंड. कोरी बाजू आणू कुठून?

सुईणआजी तिथेच उभी होती. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, पण आता तिचे डोळे पार गेले होते. पायाला माझा खळगा लागला की तिला दार सापडायचं.

"गुळगुळीत लादीवर मला दार कसं कळायचं रे?"

"मी धरीन ना हात, आजी," गवंडीदादा म्हणाला.

"काही नको! तुला या जगात मी आणलं आणि तू मला दारात नेणार?"

गवंडीदादाने पहार घातली. मी उलटले, ओली माती गळून पडली.

"अहो फादर, ही इकडूनही झिजलीय!" म्हणत त्याने हातोडा उचलला.

"थांब," आजी म्हणाली. चप्पल काढून ती माझ्यावर चढली आणि पायाने चाचपत राहिली. हा खळगा उथळ होता, पण तिच्या पावलाला तो समजला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अगं बाई! इथे माझ्या आधी किती जणी उभ्या राहून गेल्यात."

गवंडीदादाने हातोडा खाली ठेवला. शेवटी फादर म्हणाले, "राहू दे तिला अशीच."

"पुढे जरा उतार देतो," गवंडीदादा पुटपुटला, "पाणी थांबणार नाही."

त्या रविवारी आजी एकटीच आली, एकटीच दारातून आत गेली. मला रडता येत असतं तर रडले असते.

आता मातीत निजलेल्या माझ्या दुसऱ्या तोंडावर आजीची जुनी पावलं आहेत. मित्रांनो, माझ्यावरून उडी मारून जाऊ नका, खुशाल पाय द्या. आणि जुनं काही फोडायला निघालात तर आधी त्यावर एकदा अनवाणी उभे राहा. मला तिसरी बाजू नाही.