हेर्टाची पांढरी छत्री

मित्रांनो, मी एका चित्रकार बाईंची जुनी छत्री आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये एका कारागिराने मला उन्हासाठी बनवले. जाड पांढरे कापड, लाकडी दांडा आणि जमिनीत रोवायला लोखंडी टोक. हेर्टा तेव्हा तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. सुटीत ती तळ्याकाठी बसून डोंगर रंगवायची आणि मी तिच्या कागदावर सावली धरायचे.

पुढे एका स्कॉटिश माणसाशी लग्न करून ती ग्लासगोला आली. इथे ऊन कुठले? कापडाला मेण चोळून तिने मला चक्क पावसात उभे केले. आधी मला राग आला, मग मजा वाटू लागली. नवरा वारल्यावरही तिने डोंगर रंगवणे सोडले नाही. दर शनिवारी ती मोठ्या माणसांना चित्रकला शिकवायची.

२००६ साली तिच्या वर्गात पुण्याची अनुराधा आली. नवऱ्याच्या नोकरीपायी देश बदललेला, त्यामुळे जरा बुजलेली. ती कॅलेंडरवरचे डोंगर हुबेहूब उतरवायची. हेर्टाने तिला माझ्याखाली बसवले आणि समोरचे कॅम्प्सीचे खरे डोंगर रंगवायला लावले. दोघींची गट्टी जमली.

एका शनिवारी वाऱ्याने मला उपटले. मला धरायला धावलेली हेर्टा घसरून पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. माझी काडी तुटली, कापड फाटले. वर्गाचे प्रदर्शन तोंडावर आलेले आणि तिचे चित्र अर्धवट. "प्रदर्शनातली माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या," असे हेर्टाने कळवून टाकले. शेजारीण म्हणाली, ही छत्री आता कचऱ्याच्या बिनमध्ये टाक. मला तोंड लपवावेसे वाटले.

तेवढ्यात अनुराधा खिचडीचा डबा घेऊन आली. सगळे ऐकून घेतल्यावर तिने ब्रश हेर्टाच्या डाव्या हातात ठेवला.

"हा हात फ्री आहे ना? मग आज मी टीचर, तुम्ही स्टुडंट."

हेर्टा लहान मुलीसारखी कुरकुरली. पहिली रेघ गांडुळासारखी गेली, तशा दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता डोंगर पुरा झाला. थोडा वाकडा, वाऱ्यात डुलल्यासारखा. प्रदर्शन बघायला आलेली पोरे त्याच चित्रापुढून हलेनात. मनगट बरे झाले, तरी हेर्टा आता कधीकधी हौसेने डाव्या हातानेच रंगवते.

आणि मी? अनुराधाने जुन्या साडीचा हिरवा काठ लावून मला शिवले. मी पूर्वीपेक्षा झोकात दिसते.

मित्रांनो, ओली छत्री तशीच गुंडाळू नका, उघडून वाळवा. फाटली तर टाका घाला. आणि वारा सुटला की दांडा घट्ट धरा. आम्हाला उडायची हौस नसते.